सर्चमध्ये न सापडलेली लीग

पिट्सबर्गमधल्या एका संग्रहात जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म स्कॅन करणं आणि त्यांची शोधसूची तयार करणं हे माझं काम. स्कॅनही मशीन करतं आणि वाचतंही मशीनच, मग तुम्ही नेमकं काय करता, असं लोक विचारतात. मशीन वाचतं ते मोठ्या टायपातलं. मथळे, जाहिराती, अग्रलेख. बेसबॉलचा धावफलक मात्र तेव्हा ‘अगेट’ टायपात छापत. म्हणजे एका इंचात चौदा ओळी. त्यात बाइंडिंगकडची कड काळवंडलेली, मागच्या पानाची शाई पुढे उमटलेली, आणि फिल्म काढताना कुणीतरी फोकस जेमतेम लावलेला. असा मजकूर ओसीआरमधून, म्हणजे छापील अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, बाहेर येतो तेव्हा त्यात अक्षरं असतात, शब्द नसतात. तरीही तो तसाच डेटाबेसमध्ये जातो, कारण आमच्याकडे काम मोजतात ते तासाला किती फ्रेम झाल्या यावर. किती फ्रेम वाचता आल्या, हे कुणी विचारत नाही.

त्या सकाळी माझ्याकडे एक जुनी चौकशी आली. एका वयस्कर बाईंनी लिहिलं होतं की त्यांच्या पणजोबांचे वडील 1887 मध्ये पिट्सबर्गच्या संघाकडून ‘कलर्ड लीग’मध्ये, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या बेसबॉल लीगमध्ये, खेळले, असं घरात पिढ्यान् पिढ्या सांगतात. आमच्या साइटवर त्यांनी शोधलं, तर शून्य निकाल. चौकशी विभागातून उत्तर गेलं होतं, ‘नोंद उपलब्ध नाही.’ बाईंनी नेटाने पुन्हा पत्र पाठवलं, म्हणून ते माझ्यापर्यंत पोचलं. ते पहिलं उत्तर वाचून माझं डोकं तडकलं. मशीनला वाचता आलं नाही, एवढंच आपल्याला माहीत असतं. त्यावरून नोंदच नाही असं लिहून टाकणं हा निव्वळ आळस आहे. चौकशी विभागातली माणसं वाईट नाहीत, पण सर्चच्या चौकटीबाहेर जायची त्यांची सवयच सुटली आहे.

कारण ती लीग होती. डिसेंबर 1886 मध्ये इथे, पिट्सबर्गमध्येच, तिची जमवाजमव सुरू झाली. अध्यक्ष होते वॉल्टर ब्राउन, याच शहरातले. मार्च 1887 मध्ये बाल्टिमोरला बैठक झाली. पिट्सबर्ग कीस्टोन्स, न्यूयॉर्क गोरहॅम्स, बोस्टन रेझोल्यूट्स, फिलाडेल्फिया पिथियन्स, बाल्टिमोरचे लॉर्ड बाल्टिमोर्स आणि लुईव्हिलचे फॉल्स सिटीज हे काळ्या खेळाडूंचे सहा संघ प्रत्यक्ष मैदानात उतरले. वॉशिंग्टन आणि सिनसिनाटी आधीच गळाले होते. रीच कंपनीचा चेंडू वापरायचा करार झाला आणि त्या बदल्यात कंपनीने सर्वोत्तम फलंदाज आणि सर्वोत्तम क्षेत्ररक्षक यांच्यासाठी दोन सुवर्णपदकं जाहीर केली. ही हौशी पोरांची उठाठेव नव्हती. वेळापत्रक होतं, नियम होते, आणि मुख्य म्हणजे ‘नॅशनल अ‍ॅग्रीमेंट’मध्ये जागा होती. एका क्लबचा खेळाडू दुसऱ्याने पळवायचा नाही, असा तो मोठ्या लीगांमधला करार. त्यात आलेली लीग म्हणजे रीतसर मायनर लीग, मोठ्या लीगांच्या खालच्या पायरीची.

या करारावरून ‘स्पोर्टिंग लाइफ’ या तेव्हाच्या वजनदार साप्ताहिकाने एप्रिलमध्ये जे लिहिलं ते मी कितीदा तरी वाचलं असेल. आशय असा: संमती द्यायला हरकत नाही, कारण हे क्लब गोऱ्या क्लबांचे प्रतिस्पर्धी होऊच शकत नाहीत, आणि तसं पाहता यांना संरक्षण हवं तरी कशाला, काळ्या खेळाडूंसाठी कुठे ओढाताण होणार आहे? मान्यता मिळाली ती अशी. लिहिणाऱ्याला यात काही खुपलं असेल असं त्या मजकुरावरून मुळीच वाटत नाही.

पहिला सामना शुक्रवार, 6 मे 1887 रोजी. मैदान रेक्रिएशन पार्क, नदीपलीकडच्या अ‍ॅलेघेनीत. तेव्हा ते वेगळं शहर होतं. आदल्याच आठवड्यात, 30 एप्रिलला, याच मैदानावर पिट्सबर्गचा गोरा संघ नॅशनल लीग या मोठ्या लीगमधला आपला पहिला घरचा सामना खेळला होता. कीस्टोन्सच्या दिवशी आधी रस्त्यातून मिरवणूक, बँडवादन, मग खेळ. प्रेक्षक बाराशे. गोरहॅम्सनी 11–8 असा सामना जिंकला.

एवढं मला ठाऊक होतं. बाईंना हवं होतं ते नाव. म्हणून 7 मेच्या अंकाची रीळ काढली.

इथे थोडं कारागिरीचं सांगते, कारण या कामाचा मला अभिमान आहे. आमचे जुने स्कॅन निव्वळ काळं-पांढरं करून साठवलेले आहेत. त्यात फाइल लहान राहते, पण राखाडी छटा मरते, आणि बारीक टायपाचा जीव त्या छटेतच असतो. ‘e’ आणि ‘c’ यांच्यातली आडवी रेघ केसाएवढी. ती आधी जाते. मी रीळ पुन्हा लावली, काचा पुसल्या, राखाडीत स्कॅन घेतला, आणि एक्स्पोजर असं खाली आणलं की मागच्या पानाची शाई फिकी पडावी पण पुढची तुटू नये. हा समतोल जमेपर्यंत तेच पान घेत राहावं लागतं. शेजारच्या सहकाऱ्याने घड्याळाकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.

रकाना वर आला. खेळाडूंची आडनावं, पुढे आकडे. हे आकडे वाचतानाही सावध राहावं लागतं, कारण 1887 चं साल बेसबॉलमध्ये विचित्र आहे. त्या एकाच मोसमात फलंदाज बाद व्हायला तीनऐवजी चार स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडून दिलेले योग्य चेंडू) लागत आणि पाच बॉलवर, म्हणजे पाच चुकीच्या चेंडूंवर, फुकट मिळणारा पहिला बेस, म्हणजे वॉकसुद्धा, हिट म्हणून धरला जाई. म्हणजे हिटच्या रकान्यात ज्याच्या नावे तीन दिसतात, त्याने बॅटने कदाचित एकच मारलेला असेल. हे माहीत नसलेली माणसं त्या वर्षीच्या सरासऱ्या बेधडक उचलून लेखांत टाकतात, तेव्हा जीव कासावीस होतो.

बाईंनी दिलेलं आडनाव सात अक्षरी. रकाना अरुंद, म्हणून जुळाऱ्याने नावं चेपलेली: दोन अक्षरं, मग वर स्वल्पविराम, मग शेवटचं अक्षर. कीस्टोन्सच्या यादीत त्या आडनावात बसेल असं एक चेपलेलं नाव होतं. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. मग शहराची डिरेक्टरी काढली, ज्यात नाव, धंदा, पत्ता असतो. त्याच दोन अक्षरांनी सुरू होणारी, त्याच अक्षराने संपणारी आणखी आडनावं पिट्सबर्गात होती. काही घरं तर बाईंच्या पूर्वजांच्या घराजवळचीच.

संध्याकाळी त्यांना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “मग ते होते की नव्हते?”

मी म्हटलं, “सामना झाला होता, नाव छापलंय, आणि ते तुमच्या घरातलं असू शकतं. आहेच, असं मी लिहून देऊ शकत नाही.”

“पण पहिल्या पत्रात तर तुमच्या लोकांनी नोंदच नाही म्हणून सांगितलं होतं.”

यावर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. मी क्षमा मागितली आणि नवा स्कॅन पाठवला.

लीग फार टिकली नाही. पदरी पैसा नव्हता, आणि पाऊस आला की गेटचे पैसे बुडत. लांबचा प्रवास तिकिटविक्रीच्या भरवशावर आखलेला, त्यामुळे सुरुवातीचे सामने बुडाले तसा परतीचा खर्चही बुडाला. बोस्टनचा संघ लुईव्हिलला जाऊन अडकला. घरी परतण्यासाठी खेळाडू केशकर्तनालयांत आणि हॉटेलांत वेटर म्हणून कामं करताहेत, असं तेव्हाच्या वृत्तपत्रात आलं. त्या काळात काळ्या खेळाडूंचा सर्वांत नावाजलेला संघ, क्यूबन जायंट्स, या लीगमध्ये आलाच नव्हता. तो आला असता तर गर्दी झाली असती, असं माझं मत आहे. सोल व्हाइट, पुढे काळ्या बेसबॉलचा इतिहास लिहिणारे खेळाडू, त्या मोसमात कीस्टोन्सकडे होते, वय अठरा. त्यांनी 1907 मध्ये लिहून ठेवलं की लीग आठवडाभरही टिकली नाही. वर्तमानपत्रं त्याहून थोडे अधिक दिवस दाखवतात, पण महिना काही भरत नाही. त्याच वर्षी 14 जुलैला इंटरनॅशनल लीग या मायनर लीगच्या संचालकांनी काळ्या खेळाडूंशी नवे करार मंजूर करायचे नाहीत असं ठरवलं. म्हणजे स्वतःची लीग मे महिन्यात बुडाली आणि दुसऱ्यांची दारं जुलैत लागू लागली. व्हाइट यांना बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली ती 2006 मध्ये.

डिसेंबर 2020 मध्ये मेजर लीग बेसबॉलने 1920 ते 1948 मधल्या सात निग्रो लीगांना, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या लीगांना, ‘मेजर’, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या, मानलं. फार उशिराचा, पण योग्य निर्णय. आमच्या विषयसूचीतला मथळा त्यालाच धरून 1920 पासून सुरू होतो. 1887 ची लीग त्यात बसत नाही. आणि मायनर लीगच्या यादीत घालावी तर ‘मोसम पूर्ण झाला नाही’ म्हणून अडते. समितीसमोर मी मांडलं की मोसम अर्ध्यावर टाकलेल्या गोऱ्या क्लबांच्या नोंदी आपल्याच सूचीत आहेत. 1884 मध्ये सेंट पॉलचा संघ युनियन असोसिएशन या लीगमध्ये शिरला, नऊ सामने खेळला, त्यातला एकही घरच्या मैदानावर नाही, तरी त्याला मेजर लीगच्या इतिहासात जागा आहे. समितीतल्या एका ज्येष्ठांनी, पुढच्या बैठकीत पाहू, असं म्हटलं. पुढच्या बैठकीत विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

तोवर मी जिथे माझा हात पोचतो तिथे काम करते आहे. मे 1887 च्या आमच्याकडच्या सगळ्या क्रीडापानांचं राखाडीत स्कॅनिंग सुरू केलंय आणि धावफलकांतली नावं हाताने भरते आहे. जिथे नाव चेपलेलं आहे तिथे चेपलेलंच, अंदाज न करता. बाईंनी परवा कळवलं की त्यांच्या मावशीकडे एक जुना कौटुंबिक बायबल आहे, त्यात जन्म, लग्न आणि पत्ते लिहिलेले आहेत. त्यातल्या पत्त्यांचे फोटो त्या पाठवणार आहेत. डिरेक्टरीतल्या घरांशी मी ते ताडून पाहीन.