तुम्ही विचारलंत म्हणून : ‘येथे’ म्हणजे कुठे?

संकेतस्थळावरच्या दुव्याला, म्हणजे लिंकला, ‘येथे क्लिक करा’ लिहिलं तर तुमचं नेमकं काय जातं? हे मला सहकारी विचारतात, डिझाइन करणारी पोरं विचारतात, एकदा सख्ख्या बहिणीनंही विचारलं. सूर असा, की ऱ्हस्वदीर्घाच्या जोडीला बाईला हे नवं खूळ लागलंय. एकदाच सगळं लिहून ठेवते. पुढच्या वेळी हेच पाठवेन.

आधी कबुली. एका शिक्षणसंस्थेच्या संकेतस्थळाचा मराठी मजकूर मी बरीच वर्षं सांभाळते, आणि ते तीन शब्द तिथं सर्वांत जास्त मीच पेरलेत. तक्ता करायचा, डावीकडे तपशील, उजवीकडे एकाखाली एक ‘येथे क्लिक करा’. दिसायला कसं शिस्तीत! कुणी हरकत घेतलीच, तर माझ्याकडे नियम तयार होता. सुगम्यतेची, म्हणजे संकेतस्थळ अपंगांनाही वापरता यावं यासाठीची, जी जागतिक तत्त्वं आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांच्या २००८च्या आवृत्तीतला निकष २.४.४ म्हणतो की दुवा कुठे नेतो हे त्याच वाक्यावरून किंवा तक्त्यातल्या मथळ्याच्या घरावरून कळलं तरी चालेल. नुसत्या दुव्याच्या शब्दांवरून कळायला हवं, हा निकष २.४.९, तो सर्वांत वरच्या ‘एएए’ पायरीवर. तिथवर कोण चढतंय, असं मी एका बैठकीत तोऱ्यात म्हटलं होतं. लोक हसलेही होते.

मग एका जुलैत तो विद्यार्थी आला. पूर्ण अंध, पहिल्या वर्षाचा. वसतिगृहाचा त्याचा अर्ज बाजूला काढला होता, कारण त्यानं नव्या प्रवेशाऐवजी नूतनीकरणाचा नमुना भरून दिला होता. मी म्हटलं, “अरे, स्पष्ट लिहिलंय की वर.” हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

तो चिडला नाही. पाठीवरची सॅक काढली, लॅपटॉप उघडला आणि हेडफोनची पिन उपसली, मला ऐकू यावं म्हणून. एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारं वाचकयंत्र, चालू होतं. त्यानं इन्सर्ट आणि एफ ७ दाबलं. पानावरचे सगळे दुवे यादीत आले आणि तो खालचा बाण दाबत गेला. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. यंत्राचा तो सपाट आवाज, आणि लेखापालांसकट सगळं कार्यालय गप्प. सोळाव्यानंतर मी मोजणं सोडलं. तो थांबला आणि म्हणाला, “मॅडम, यातलं माझं कुठलं?”

मी तरीही वाद घातला. तक्ता आहे ना, मग डावीकडचं घर वाच. “वाचतो की,” तो म्हणाला, “कंट्रोल, ऑल्ट आणि डावा बाण. एकेका दुव्यासाठी तिकडं जायचं, ऐकायचं, परत यायचं.” त्यानं ते करूनही दाखवलं. आणि तिथंच माझी चूक उघडी पडली. ‘वसतिगृह अर्ज’ हे घर मी दोन ओळींवर जोडून टाकलं होतं, दिसायला बरं म्हणून. ‘नवीन’ आणि ‘नूतनीकरण’ मी खाली बारीक टिपेत लिहिलं होतं. डावीकडे गेलं की दोन्ही वेळा ‘वसतिगृह अर्ज’च ऐकू येत होतं. म्हणजे ज्या नियमाची ढाल मी पुढं करत होते, तोही माझ्या तक्त्यानं पाळला नव्हता. त्यातून तो नमुना म्हणजे स्कॅन केलेलं चित्र, त्यावरचं अक्षरही यंत्राला वाचता येईना. छापून मित्राकडून भरून घेतला. मित्राला वाटलं, यानं बघून आणलाय.

मुदत उलटून गेली होती. मी दोन टेबलांवर जाऊन बोलले. पण त्या वर्षी त्याला खोली मिळाली नाही. नातेवाइकाकडे राहून रोज दोन बस बदलत होता. सगळा दोष माझाच का? टिपेचा होता, स्कॅनचा होता, आठ दिवस अर्ज न उघडणाऱ्यांचा होता. पण मी असं म्हणायला लागले की तो खालचा बाण ऐकू येतो.

आता मी ‘वसतिगृह : नवीन प्रवेश अर्ज (पीडीएफ, २ पाने)’ असं लिहिते. मराठीत आणखी एक गंमत आहे. ‘अर्जाच्या नमुन्यासाठी’मधला फक्त ‘नमुन्या’ दुव्यात घेतला, की ‘साठी’ बाहेर लोंबकळतो आणि वाचकयंत्र शब्दाचे दोन तुकडे करून वाचतं. म्हणून दुव्यात शब्द घ्यायचा तर प्रत्ययासकट, नाहीतर वाक्यच फिरवून प्रथमेत आणायचं. डिझाइनवाला म्हणाला, “दिसायला ‘येथे क्लिक करा’च ठेवू, आतून लपवलेलं लेबल देऊ.” नको. ज्याला नुसतं वरवर चाळायचंय, त्या डोळस माणसालाही ‘येथे’वरून काही कळत नाही.

पण माझ्या जुन्या अवताराचा एक मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. ती म्हणायची, खेड्यातल्या पालकाला दाबायचं कुठे ते सांगावंच लागतं. शब्द बदलले त्या हंगामात फोन खरंच वाढले. डिझाइनमध्ये दुव्यांखालची रेघ काढून टाकली होती. ती भांडून परत आणली, तेव्हा फोन थोडे कमी झाले. थांबले नाहीत.

परवाच एका काकांचा आला. “मॅडम, अर्जाचं नाव दिसतंय. पण क्लिक कुठं करायचं?”

मी म्हटलं, “काका, तिथंच. त्या निळ्या ओळीवर.”

“तिथं म्हंजे कुठं?”

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी खुसकन हसलं.