आडवं कसं नेणार?

एका जुन्या वस्तीतल्या ज्येष्ठांसाठी परवडणाऱ्या घरांचा आराखडा आमच्याकडे होता. नकाशा सगळ्यांनाच वाचता येतो असं नाही, म्हणून मोकळ्या जागेवर फक्कीने एक अख्खा मजला खऱ्या मापात आखला आणि सगळ्यांना आत बोलावलं.

दारं ९०० मिमी, व्हीलचेअर वळायला १५०० मिमीचं वर्तुळ, रॅम्पचा उतार १:१२. मी तयारीने गेले होते, पण त्यावर कुणी काही विचारलंच नाही. एका आजींनी मधल्या पॅसेजमध्ये स्टूल ठेवलं, दोन्ही बाजूंच्या फक्कीच्या दारांकडे पाहिलं. "इथं बसून मी बघू काय? भिंत?"

दोन्ही अंगांना घरं काढली की एकाच पॅसेजवर दुप्पट बसतात, म्हणून ते स्वस्त पडतं. पण जन्मभर दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत आलेल्या बाईला तो बोगदाच. मग मधलं एकेक घर गाळून उजेडाची, बसायची जागा काढली. घरं कमी झाली म्हणून निधी देणाऱ्यांशी पुढे हुज्जत झाली, ती वेगळीच.

तेवढ्यात एक आजोबा लिफ्टच्या चौकोनात शिरले. काठी आडवी धरून माप घेतलं. "पोरी, यातून मला आडवं कसं नेणार?"

मी स्ट्रेचरचं काहीतरी बोलू लागले. ते हसले. "तेही आहेच. पण मी शेवटचं म्हणतोय. खुर्चीत कोंबून नाही जायचं मला."

हशा पिकला. मग किस्से सुरू झाले, कुणाला जिन्याच्या वळणावर उभं करून उतरवलं त्याचे. हसता हसता बोलत होते, पण ते सगळ्यांच्या मनात आधीपासून होतं.

आराखड्यातली लिफ्ट १४०० मिमी खोल होती. व्हीलचेअरला तेवढी पुरते, स्ट्रेचर सपाट न्यायला साधारण २१०० लागते. फरक ७०० मिमीचा, पण तो तळापासून गच्चीपर्यंत प्रत्येक मजल्यावर द्यावा लागतो. शिवाय मोठ्या लिफ्टची देखभाल दरमहा त्यांच्याच पेन्शनमधून जाणार. तसं मी स्पष्ट सांगितलं.

आजोबांनी मला उत्तर दिलं नाही. शेजारणीकडे वळून विचारलं, "ती सामानाची खोली केवढी आहे गं?"

प्रत्येक मजल्यावर एक सामायिक खोली होती. त्यातूनच जागा काढायची, असं हात वर करून ठरलं. तीन-चार आजी विरोधात राहिल्या. मग ट्रंका ठेवायच्या कुठे, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. तो अजून सुटलेला नाही.