बॅटिंगच्या तुकड्यांना आधी चिठ्ठी लावा

रजईचं बॅटिंग, म्हणजे वरच्या आणि खालच्या कापडामधला मऊ थर, कापून झालं की बाजूला उरलेली पट्टी घडी घालून पिशवीत कोंबली जाते. तीन-चार महिन्यांनी त्या पिशवीत हात घातला की हाती येतात नुसते पांढरे तुकडे. त्यातला सुती कुठला, पॉलिस्टरचा कुठला, मिश्र कुठला, काही म्हणता काही कळत नाही. मग ‘असू दे, आतच तर जायचंय’ म्हणून दोन जातींचे तुकडे एकमेकांना जोडले जातात आणि पहिल्या धुण्यात पितळ उघडं पडतं. सुती बॅटिंग पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं, पॉलिस्टरचं जवळपास आटतच नाही. दीड मीटर लांबीवर हा फरक साडेचार ते साडेसात सेंमीचा होतो. अर्धी रजई चुणीदार, अर्धी सपाट, आणि मधोमध जोडाची रेघ.

म्हणून पिशवी, पेटी, कप्पा हे सगळं नंतर. आधी चिठ्ठी. बॅटिंग कापतानाच सुती टेपचा बोटभर तुकडा घ्या, न पसरणाऱ्या मार्करनं त्यावर जात, वजन (जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅम), लांबी-रुंदी आणि ‘धुतलेलं’ की ‘कोरं’ एवढं लिहा आणि दोन मोठ्या टाक्यांनी कोपऱ्याला अडकवा. टाचणी किंवा सेफ्टी पिन लावू नका. पावसाळ्यात ती गंजते आणि तांबडा डाग बॅटिंगमधून वरच्या कापडावर उतरतो.

चिठ्ठीवर आणखी एक खूण हवी, ती म्हणजे सुलटी बाजू. सुयांनी ठोकून बनवलेलं बॅटिंग उजेडात तिरपं धरून पाहा. एका बाजूला बारीक खळगे दिसतात, तिथून सुया आत गेलेल्या असतात. दुसऱ्या बाजूला हाताला बारीक गोळ्या लागतात. खळग्यांची बाजू रजईच्या वरच्या कापडाकडे हवी. उलटं लावलं तर तुमची सुई त्या तंतूंच्या उलट दिशेनं जाते आणि तंतू कापडाबाहेर दाढीसारखे फुटतात. गडद कापडावर हे फार वाईट दिसतं.

बिनचिठ्ठीचा ढीग आधीच साठला असेल तर जाळून ओळखा. चिमूटभर तंतू चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली, शेजारी पाणी, पंखा बंद. सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ करडी राख पडते. पॉलिस्टर ज्योतीपासून आकसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, तिचा मणी चिमटीत चुरडतो. राखेत कडक खडे लागले तर माल मिश्र आहे. ओळख पटली की लगेच चिठ्ठी.

आता ठेवण्याबद्दल. मोठा तुकडा घडी घालून ठेवण्यापेक्षा गुंडाळलेला बरा. कापडाच्या दुकानात ताग्याच्या आतली पुठ्ठ्याची नळी मागितली तर बहुतेक वेळा फुकट मिळते. त्यावर सैल गुंडाळा, वरून जुनी सुती साडी किंवा धुतलेली चादर लपेटा आणि आडवं ठेवा. उभं ठेवलं की खालचं टोक बसतं. निर्वात पिशवीत दाबून ठेवल्यानं जागा वाचते, पण ती प्रवासापुरती वापरावी. पॉलिस्टर आणि लोकर बरीचशी पुन्हा फुलते, सुती मात्र चपटं ते चपटंच राहतं आणि घडीची रेघ पक्की होते.

प्लास्टिकबद्दल सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत सुती तंतू स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरून असतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणजे पॉलिस्टरचं बॅटिंग प्लास्टिकच्या पिशवीत खुशाल ठेवा. सुती मात्र मुंबई-कोकणातल्या जूनच्या हवेत पिशवीत बांधलं तर ओल आत कोंडते आणि ऑगस्टपर्यंत बुरशीचे काळे ठिपके येतात. ते धुऊनही पूर्ण जात नाहीत. सुती बांधायचंच असेल तर मे महिन्यात, दोन-तीन तास ऊन देऊन, पूर्ण गार झाल्यावर बांधा. गरम असताना बांधलं तर पिशवीत वाफ धरते.

कसर लागते ती लोकरीला. सुतीला चंदेरी कीड लागते, खळ असेल तर जास्तच. पॉलिस्टर कोणी खात नाही, पण उंदराला त्याचं घरटं फार आवडतं, तेव्हा माळ्यावर ठेवायचं तर घट्ट झाकणाचा डबाच हवा. कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर खडखडीत वाळलेला आणि पुरचुंडीत बांधून. ओला पाला स्वतःच बुरशी आणतो.

घड्या पडल्याच असतील तर बॅटिंग आदल्या रात्री पलंगावर पसरून ठेवा. सुतीवर पाण्याचा हलका फवारा मारून वरून कापड टाकून इस्त्री चालते. पॉलिस्टरवर इस्त्री टेकवू नका, जिथे टेकेल तिथे ते चपटं आणि काचेसारखं होतं.

मुळात तुकडे कमी उरावेत हे जास्त शहाणपणाचं. १५० × २२५ सेंमीच्या रजईला चारही बाजूंनी ७ सेंमी जास्त धरलं तर बॅटिंग लागतं १६४ × २३९ सेंमी. रोलचा पन्हा २४० सेंमी असेल तर बहुतेक जण रजईच्या लांबीइतकं, म्हणजे २४० सेंमी घेतात आणि ७६ सेंमीची पट्टी उरवतात. रजईची लांबी पन्ह्यात बसवली तर १६५ सेंमीत काम भागतं. फक्त पन्ह्याच्या दिशेनं बॅटिंग जास्त ताणलं जातं, म्हणून पसरताना त्या बाजूनं ओढू नका.

तरी कडेच्या ७ सेंमीच्या पट्ट्या उरतातच, एका रजईमागे सुमारे पावणेआठ मीटर. या लांब पट्ट्या जोडायला उत्तम. तळहाताहून लहान तुकडे मात्र रजईत जोडत बसू नका. वेळ जातो आणि रजई ठिकठिकाणी कडक लागते.

जोडताना एकावर एक चढवून शिवायचं नाही, तिथे वळ उठतो. दोन तुकडे ३ सेंमी एकमेकांवर ठेवा आणि दोन्ही थरांतून एकदाच कापा, शक्यतो हलका नागमोडी काप. सरळ जोड वापरात घडीच्या रेघेसारखा उठून दिसतो, नागमोडी लपतो. वरखालच्या चिंचोळ्या कातरणी काढल्या की दोन्ही कडा एकमेकींत तंतोतंत बसतात. त्या फक्त भिडवा आणि झिगझॅग मारा: रुंदी ५ मिमी, टाक्याची लांबी ३ मिमी, वरच्या धाग्याचा ताण नेहमीपेक्षा एक आकडा कमी. ताण जास्त झाला तर कडा एकमेकींवर चढतात. मागून ओढलं तर कडेला झालर येते. तसं झालं तर उसवून पुन्हा करा, ती क्विल्टिंगमध्ये, म्हणजे तिन्ही थर एकत्र शिवताना, दबत नाही. पॉलिस्टरचे तंतू मशीनच्या पायात अडकत असतील तर वर पतंगाचा कागद ठेवून शिवा आणि मग फाडून टाका.

साध्या काळ्या मशीनवर झिगझॅग नसतो. तिथे हातानं हेरिंगबोन (तिरपा, एकमेकांना छेदणारा) टाका घाला, टाक्यांत १ सेंमी अंतर, सैल हात. सुती तुकड्यांना हलक्या पेस्टिंगची ३ सेंमीची पट्टी इस्त्रीनं चिकटवली तरी चालतं, पण हाताचं क्विल्टिंग असेल तर नको, सुई अडते. जोड एका रेषेत येऊ देऊ नका, विटांसारखे पुढेमागे ठेवा. आणि १०० जीएसएमला २०० जीएसएम कधीही जोडू नका, पायरी तयार होते.

वीतभर तुकड्यांची सगळ्यात चांगली सोय स्वयंपाकघरात आहे. भांडं धरायच्या फडक्याला सुतीचे दोन थर घाला. पॉलिस्टर इथे नको, गरम कढईच्या कानाला ते वितळतं. मायक्रोवेव्हमधली वाटी धरायची टोपली करायची असेल तर कापड, धागा, बॅटिंग तिन्ही शंभर टक्के सुती हवं, जरीचा एक तंतूही नको. त्यासाठी कापडाचे २५ सेंमीचे चार चौकोन आणि बॅटिंगचे २४ सेंमीचे दोन. प्रत्येक बाजूच्या मध्यावर ५ सेंमी खोल, तोंडाशी अडीच सेंमी रुंद चिमटा (दुमडून घातलेली निमुळती शिवण) घेतला की चौकोनाला वाटीचा आकार येतो. इथेच चिठ्ठीची खरी किंमत कळते. जात माहीत नसलेला तुकडा या कामाला अजिबात घ्यायचा नाही.

त्याहून बारीक चुरा उशीत भरायचा तर कात्रीनं कापू नका, हातानं पिंजा. कापलेले चौकोन गोळे होऊन बसतात. टाचण्यांच्या गादीत सुती भरलं तर ते ओल धरतं आणि सुया गंजतात, तिथे लोकरीचे तुकडे चांगले. ‘चिमण्या नेतील घरट्याला’ म्हणून पॉलिस्टर गॅलरीत टाकू नका, लांब तंतू पिल्लांच्या पायात गुंततात.

राहिलेल्या तुकड्यांतले दहा-बारा १० × १० सेंमीचे चौकोन कापून मशीनच्या खणात ठेवा. नवीन रजईचं क्विल्टिंग सुरू करण्याआधी त्याच कापडाच्या दोन कातरणींत त्याच जातीचा चौकोन घालून चार ओळी मारा आणि उलटून पाहा. खाली धाग्याचे फास दिसले तर वरचा ताण वाढवा, खालचा धागा वर ठिपक्यासारखा आला तर कमी करा. जमलेला आकडा त्याच चौकोनावर लिहून तो रजई संपेपर्यंत मशीनला टांगून ठेवा.