टेबल जामीन आणि तीन ओळींचा अर्ज

रविवारी संध्याकाळी माझ्या गाडीची एका दुचाकीला धडक बसली. चूक माझीच होती, वळताना मी डावीकडे बघितलंच नाही. त्या माणसाच्या पायाचं हाड मोडलं. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५(ब) खाली गुन्हा नोंदवला, अटक पंचनाम्यावर माझी सही घेतली आणि चार तासांत टेबल जामिनावर, म्हणजे कोर्टात न नेता पोलीस ठाण्यातच जामीन घेऊन, सोडलं. बाहेर पडताना वकील म्हणाले, "लॉकअपचं तोंडही बघितलं नाहीत. ऑफिसला कशाला कळवताय?"

मी केंद्र सरकारचा कर्मचारी. आमच्याकडे ४८ तासांचा नियम सगळ्यांना पाठ असतो: कोठडी ४८ तासांवर गेली की वेगळा आदेश निघो न निघो, माणूस निलंबित धरला जातो. १९६५च्या शिस्त व अपील नियमांत तसंच आहे. त्यातून एक सोयीचा समज पसरलाय, की त्याआधी सुटलात तर प्रकरण घरातल्या घरात. सोमवारी मीही तोच हिशोब करत खुर्चीत बसलो होतो.

पण पोटात मावेना. जेवणाच्या सुट्टीत प्रशासन शाखेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना, 'समजा एखाद्याला' अशी सुरुवात करून विचारलं. त्यांनी डबा बाजूला सारला. "अहो, अटक पंचनाम्यावर सही कुणाची? तुमचीच ना? मग अटक झाली. टेबलावर सुटलात काय नि कोर्टातून सुटलात काय."

मग जुन्या परिपत्रकांच्या फायलीतून त्यांनी गृह मंत्रालयाचं २५ फेब्रुवारी १९५५चं ज्ञापन काढलं. अटक झाली तर, जामिनावर सुटला असला तरी, कर्मचाऱ्याने ती गोष्ट आणि तिची परिस्थिती वरिष्ठांना तातडीने कळवायची. नाही कळवली तर महत्त्वाची माहिती दडवली असं धरून नुसत्या तेवढ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कोर्टात काय व्हायचं ते होवो, हे वेगळं. म्हणजे उद्या मी निर्दोष सुटलो असतो, तरी गप्प बसल्याबद्दल अडकलो असतो!

मी दीड पानांचा अर्ज लिहिला. पाऊस, अंधार, दुचाकीचा वेग, माझी वीस वर्षांची स्वच्छ नोकरी. त्यांनी लाल पेनाने बहुतेक सगळं उडवलं. 'चूक माझी होती' हे वाक्यही. मला वाटत होतं तेच सर्वांत प्रामाणिक आहे. "ते कोर्टात वकिलाला विचारून बोला. हा कबुलीजबाब नाही, माहिती आहे." उरल्या तीन ओळी: कधी, कुठे, काय झालं, पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक आणि कलमं, अटक व जामिनाची वेळ. सोबत एफआयआरची प्रत. आवक शाखेत दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. ती पोहोच अजून माझ्याकडे जपून आहे.

साहेबांनी बोलावलं, दोन प्रश्न विचारले. निलंबन त्यांच्या हातात होतं, गुन्ह्याचा तपास सुरू असतानाही ते करता येतं. त्यांनी केलं नाही. चार महिन्यांनी दोषारोपपत्र कोर्टात गेलं, तेव्हा मी पुन्हा तसाच छोटा अर्ज दिला.

सगळं गोड झालं असं नाही. खटला सुरू असल्यामुळे पदोन्नती समितीने माझ्याबद्दलची शिफारस सीलबंद लिफाफ्यात ठेवली, म्हणजे निकाल लागेपर्यंत ती उघडायची नाही. माझ्यामागून आलेले दोघे वर गेले. ऑर्डर नोटीस बोर्डावर लागली त्या दिवशी वकिलांचं ते वाक्य फार गोड वाटलं होतं, हे कबूल करतो.

मेहुणा खासगी कंपनीत आहे. त्याने आपलं नियुक्तीपत्र काढून बघितलं, तर गुन्हा नोंदवला गेल्यास कळवण्याचं कलम त्यातही निघालं. सही करताना वाचलंच नव्हतं म्हणाला.

खटला अजून चालू आहे. पहिल्या तारखेला रजेच्या अर्जात सवयीने 'घरगुती कारण' लिहिलं होतं. मग ते खोडून 'न्यायालयात तारीख' लिहिलं. आता रजा मंजूर करताना कोणी काही विचारत नाही.