मंगळवारी अटक होणार होती

शनिवार, १८ मार्च २०२३ च्या सकाळी डोनाल्ड ट्रम्प यांनी ‘ट्रुथ सोशल’ या स्वतःच्याच समाजमाध्यमावर जाहीर केले की येत्या मंगळवारी आपल्याला अटक होणार आहे आणि समर्थकांनी निषेधासाठी रस्त्यावर उतरावे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधील मुख्य सरकारी वकील, म्हणजे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी अ‍ॅल्विन ब्रॅग यांचे कार्यालय तेव्हा त्यांची चौकशी करत होते, हे सर्वांना ठाऊक होते. तारीख मात्र कोणीही दिलेली नव्हती. अटकेबाबत कोणतीही अधिकृत सूचना आलेली नाही, हे ट्रम्प यांच्याच प्रवक्त्याला थोड्या वेळाने सांगावे लागले. पण तोवर ‘मंगळवार’ हा शब्द सुटला होता, आणि एकदा सुटलेली तारीख परत पिशवीत भरता येत नाही.

पुढचे बारा दिवस जे चालले त्याला आपल्याकडे नेमका वाक्प्रचार आहे: बाजारात तुरी. तुरी अजून बाजारातच होत्या, आणि इकडे घरोघर भांडणे पेटली होती. मी स्वतः त्यात होते, हे आधीच कबूल करते. त्या मंगळवारी, २१ मार्चला, मी रात्री उशिरापर्यंत एका वृत्तवाहिनीचे थेट प्रक्षेपण पाहत बसले होते. पडद्यावर न्यायालयाबाहेरचे लोखंडी अडथळे दिसत होते, आणि त्यांच्यापुढे कॅमेरे लावून उभी असलेली माणसे एकमेकांचेच चित्रीकरण करत होती. निवेदक दर पाच मिनिटांनी ‘अद्याप काही घडलेले नाही’ हे नव्या उत्साहाने सांगत होता. याच सुमारास मामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र पाठवले: ट्रम्प यांना पोलिसांनी चहूबाजूंनी धरले आहे आणि ते सुटण्यासाठी धडपडत आहेत. खाली मामांची टिप्पणी होती, “झाली की गं अटक!”

ते चित्र बनावट होते. एलियट हिगिन्स या शोधपत्रकाराने ‘मिडजर्नी’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून अशी अनेक चित्रे करवून घेतली होती आणि आपण ती तयार करून घेत आहोत हे त्याने उघडपणे लिहिलेही होते. पुढे चित्रे फिरली, त्याचे ते वाक्य मागे राहिले. मोठे करून पाहिले की पोलिसांचे चेहरे मेणासारखे वितळलेले आणि हातांचे आकार बिघडलेले दिसत. पण कोण मोठे करून पाहतो? मनात जे दृश्य आधीच तयार होते, तेच समोर आले होते. मी मामांना कळवले की चित्र खोटे आहे. त्यांचे उत्तर आले, “असेल, पण होणार तर आहेच ना!” तर्क म्हणून हे वाक्य मला आजही लाजवाब वाटते.

येथे एक भेद करायला हवा, कारण सगळीच अटकळ सारख्या दर्जाची नसते. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात बातमी आली होती की ट्रम्प यांना ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, स्वतः साक्ष देण्याची संधी देऊ करण्यात आली आहे. न्यूयॉर्कच्या कायद्यानुसार ज्याच्यावर आरोप ठेवण्याचा विचार चालू आहे त्याला ज्युरीपुढे आपली बाजू मांडण्याचा हक्क असतो, त्यामुळे असे आमंत्रण गेले म्हणजे प्रकरण शेवटच्या टप्प्यात आले असावे, असा अंदाज जाणकारांनी बांधला. ट्रम्प यांचे पूर्वीचे वकील मायकेल कोहेन यांनी १३ आणि १५ मार्चला साक्ष दिली, हीही त्याच दिशेची खूण होती. प्रक्रिया माहीत असलेला माणूस पावलांच्या ठशांवरून असा माग काढतो आणि त्यात काही गैर नाही. परंतु त्याच प्रक्रियेची थोडी माहिती असती तर मंगळवारची अफवा पहिल्याच दिवशी लंगडी पडली असती. ही ज्युरी सोमवारी, बुधवारी आणि गुरुवारी बसत असे. सोमवारी, म्हणजे २० तारखेला, तिच्यासमोर ट्रम्प यांच्याच वकिलांच्या विनंतीवरून आणखी एक साक्षीदार उभा करण्यात आला, आणि बुधवारी ज्युरींना येऊ नका असे कळवण्यात आले. शिवाय अशा आरोपीच्या हजर होण्याचा दिवस दोन्ही बाजूंचे वकील बोलून ठरवतात. कोणी पहाटे दार ठोठावून बेड्या घालत नाही. एवढे सगळे उघड उपलब्ध असताना आम्ही लोखंडी अडथळे मोजत होतो.

या अटकळीला एवढी जागा मिळाली कशी, याचे उत्तर मला ग्रँड ज्युरीच्या रचनेतच दिसते. न्यूयॉर्कमध्ये तिच्यात जास्तीत जास्त २३ सामान्य नागरिक असतात, कामकाजासाठी किमान १६ हजर लागतात आणि दोषारोप ठेवण्यासाठी १२ जणांचे एकमत पुरते. तिचे काम गुप्त चालते. आत काय घडले ते ज्युरी, सरकारी वकील किंवा लघुलेखक यांनी बाहेर फोडले तर तो स्वतंत्र गुन्हा ठरतो. यामागचा विचार शहाणपणाचा आहे: ज्याच्यावर शेवटी आरोप ठेवलाच गेला नाही, त्याच्या नावाला चौकशीचा डाग लागू नये. मात्र राजकारणी माणसाच्या बाबतीत या व्यवस्थेचा एक विचित्र परिणाम होतो. ज्यांना खरे माहीत आहे त्यांची तोंडे कायद्याने शिवलेली असतात, आणि ज्याच्यासाठी ही गुप्तता पाळायची तो स्वतः मात्र हवे ते, हवे तेव्हा, हव्या तेवढ्या मोठ्या अक्षरांत बोलू शकतो. शांत खोलीत एकच माणूस बोलत असेल तर सगळे त्याच्याकडेच पाहणार.

अटकळीचा तोटा त्या राजकारण्याला होतो, असे मी समजत असे. त्या बारा दिवसांनी ही समजूत पुसली. तारीख त्यांनी दिली, वादाचा विषय त्यांनी ठरवला आणि समर्थकांकडून देणग्या मागण्याची निमित्तेही याच काळात सापडली. प्रतिनिधिगृहातील तीन रिपब्लिकन समितीप्रमुखांनी २० मार्चला ब्रॅग यांना पत्र पाठवून खुलासा आणि कागदपत्रे मागितली, म्हणजे न ठेवलेल्या आरोपाबद्दल जाब विचारला. त्यावर ब्रॅग यांच्या कार्यालयाने २३ तारखेला जे उत्तर दिले त्यात म्हटले होते की अटकेची खोटी अपेक्षा ट्रम्प यांनीच निर्माण केली आणि ती अपेक्षा धरून आता विचारणा होत आहे. त्या सगळ्या गदारोळात सरकारी बाजूने उच्चारलेले हे जवळपास एकमेव ठाम वाक्य होते. दुसऱ्याच दिवशी त्या कार्यालयात धमकीच्या चिठ्ठीसह पांढरी पूड असलेले पाकीट आले. पूड घातक नव्हती, पण हवा किती तापली होती ते त्यावरून कळते.

हे अमेरिकेतही नवे नाही. १९७३ च्या ऑगस्टमध्ये उपाध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांच्या चौकशीची बातमी फुटली, तेव्हा त्यांनी लगेच पत्रकार परिषद घेऊन सर्व काही खोटे असल्याचे सांगितले. पुढचे दोन महिने देश एकाच प्रश्नावर पैजा लावत होता: राजीनामा देणार की नाही? २९ सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी गर्जना केली की दोषारोप झाला तरी आपण पद सोडणार नाही. माहिती फोडली कोणी हे शोधण्यासाठी त्यांच्या वकिलांनी न्यायालयाची परवानगी घेऊन पत्रकारांवर समन्स काढली. आणि १० ऑक्टोबरला त्यांनी राजीनामा दिला व बाल्टिमोरच्या न्यायालयात १९६७ सालच्या प्राप्तिकर चुकवल्याच्या एका आरोपाला विरोध न करण्याची भूमिका घेतली. शिक्षा १०,००० डॉलर दंड आणि तीन वर्षांचे परिवीक्षण (प्रोबेशन) एवढीच झाली. कंत्राटदारांकडून पैसे घेतल्याचा सरकारी बाजूने मांडलेला तपशील ४० पानांचा होता. तो लोकांच्या लक्षात राहिला नाही, गर्जना राहिली.

उलट दिशेचे उदाहरण अधिक बोचरे आहे. अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचे सल्लागार कार्ल रोव्ह यांना सीआयए अधिकाऱ्याचे नाव फुटल्याच्या प्रकरणात ग्रँड ज्युरीपुढे पाच वेळा साक्ष द्यावी लागली. मे २००६ मध्ये ‘ट्रुथआउट’ या संकेतस्थळाने त्यांच्यावर दोषारोप ठेवला गेल्याची बातमीच देऊन टाकली. विरोधकांनी आनंद साजरा केला. महिन्याभराने, जूनमध्ये, रोव्ह यांच्या वकिलांनी सांगितले की विशेष सरकारी वकिलांनी आरोप ठेवणार नसल्याचे कळवले आहे. रोव्ह यांच्या राजकारणाबद्दल मला ममत्व नाही, तरीही ज्याच्यावर कधी आरोपच ठेवला गेला नाही तो मनुष्य कित्येकांच्या मनात महिनाभर ‘आरोपी’ होता, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

पण माझी खरी तक्रार आणखी वेगळी आहे. आम्ही सगळे ‘कधी’ विचारत होतो; ‘कशासाठी’ हे फारसे कोणी विचारत नव्हते. दोषारोप साधारण तीस असतील असे बाहेर आले, तेव्हा मामांसकट अनेकांनी तीस वेगवेगळी दुष्कृत्ये डोळ्यांसमोर आणली. ४ एप्रिलला दोषारोपपत्र उघडले गेले आणि आकडा ३४ निघाला. ते ३४ म्हणजे काय? कोहेन यांची ११ बिले, त्या बिलांपोटीचे ११ धनादेश आणि हिशेबाच्या वहीतील १२ नोंदी. बस. २०१६ च्या निवडणुकीच्या तोंडावर कोहेन यांनी एका अभिनेत्रीला गप्प राहण्यासाठी १,३०,००० डॉलर दिले होते. त्याची परतफेड २०१७ मध्ये महिना ३५,००० डॉलर या हिशेबाने, एकूण ४,२०,००० डॉलरपर्यंत झाली आणि कागदोपत्री ती वकिलीचे शुल्क म्हणून दाखवली गेली, असा तो आरोप होता. आता कायद्याचा खरा पेच असा, की व्यवसायाच्या हिशेबात खोटी नोंद करणे हा न्यूयॉर्कमध्ये मुळात किरकोळ गुन्हा आहे. दुसरा एखादा गुन्हा करण्याच्या किंवा लपवण्याच्या हेतूने ती नोंद केली असेल तरच तो गंभीर गुन्हा ठरतो. तो दुसरा गुन्हा कोणता, आणि तो सिद्ध करण्याची रीत काय? संपूर्ण खटला या एका कडीवर लोंबकळत होता. त्यावर लिहिणारे कायद्याचे अभ्यासक तेव्हाही होते, पण त्यांचे लेख मी वाचले ते एप्रिल उलटल्यावर. मार्चमध्ये मला बेड्या घालतील की नाही यातच रस होता.

जाता जाता भाषेबद्दल. ‘इंडिक्टमेंट’साठी आपण दोषारोप, अभियोग, आरोपनिश्चिती असे शब्द वापरतो आणि त्यातला ‘दोष’ सामान्य वाचकाच्या मनात ‘दोषी’ होऊन बसतो. १२ नागरिकांनी एकच बाजू ऐकून ‘खटला चालवण्याइतके कारण दिसते’ असे म्हणणे आणि दुसऱ्या १२ नागरिकांनी दोन्ही बाजू ऐकून, वाजवी शंकेपलीकडे खात्री पटल्यावर ‘अपराध केला आहे’ असे म्हणणे, या दोन गोष्टींत एका संपूर्ण खटल्याचे अंतर आहे.

बारा दिवसांचा शेवट कसा झाला तेही पाहण्यासारखे आहे. २९ मार्चला बातमी आली की ज्युरी काही आठवडे हे प्रकरण हाती घेणार नाही. वाहिन्यांनी तंबू आवरायला घेतले, समर्थकांनी हे विजयाचे लक्षण मानले, विरोधकांनी सरकारी वकील कच खाल्ल्याची कुजबुज सुरू केली. त्यानंतर चोवीस तास उलटता उलटता, गुरुवारी संध्याकाळी, ज्युरीने दोषारोपाच्या बाजूने मत दिल्याचे बाहेर आले. एवढ्या भाकितांच्या गर्दीत तो गुरुवार फारच थोड्यांच्या हिशेबात होता. पुढच्या मंगळवारी ट्रम्प न्यायालयात आले, बोटांचे ठसे दिले, निर्दोष असल्याचे सांगितले आणि परत गेले. बेड्या नव्हत्या. पोलिसांनी छायाचित्रही काढले नाही. प्रचारमोहिमेने बनावट छायाचित्र छापलेले टी-शर्ट विकायला काढले. खरे छायाचित्र निघाले ते ऑगस्टमध्ये अटलांटात, वेगळ्याच खटल्यात.

खटला उभा राहायला आणखी एक वर्ष गेले. ३० मे २०२४ रोजी ज्युरीने ट्रम्प यांना सर्व ३४ आरोपांवर दोषी ठरवले. अमेरिकेच्या माजी अध्यक्षाच्या बाबतीत असे प्रथमच घडत होते. मी ती बातमी वाचल्याबरोबर मामांना पाठवली, थोडी मिरवण्यासाठीही असेल, कारण ‘थांबा, निकाल अजून लागायचा आहे’ असे मी त्यांना त्या मंगळवारी सांगितले होते.

त्यांचे उत्तर दुपारी आले. “अगं, हे तर मागच्याच वर्षी झालं होतं ना? तुला फोटो पण पाठवला होता.”