क्लॅम्प लावला, तरी किडनी हिरवी

पेशंट पन्नाशीतला, मधुमेही, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) 1.5, म्हणजे किडनी आधीच थकलेली. उजव्या किडनीच्या खालच्या टोकाला 3.8 सेंमीची गाठ, निम्म्याहून जास्त आत रुतलेली. अशा माणसाची अख्खी किडनी काढली तर पुढे डायलिसिसची भीती, म्हणून रोबोटने फक्त गाठ काढायची ठरली. सर कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या जागी, मी पेशंटजवळ. सक्शन, क्लिपा, सुयांची ने-आण माझ्याकडे.

डाव्या कुशीवर झोपवून रोबोटच्या हातांसाठी 8 मिमीचे चार पोर्ट (पोटात अवजारं घालायच्या नळ्या), माझा 12 मिमीचा, शिवाय यकृत उचलून धरायला 5 मिमीचा. किडनीभोवतीची चरबी इतकी चिवट की सोलतानाच किडनीचं आवरण फाटायला बघत होतं. अल्ट्रासाउंड प्रोब टेकवून गाठीची कड बघितली, डाग देऊन आखली. मग किडनीच्या धमनीवर बुलडॉग, म्हणजे रक्त अडवणारा छोटा क्लॅम्प. इथून घड्याळ सुरू. 25 मिनिटांच्या आत रक्त परत सोडायचं.

कात्री लावण्याआधी शिरेतून 2 मिली इंडोसायनिन ग्रीन दिलं. रक्त पोचतं तिथे हा रंग इन्फ्रारेड कॅमेऱ्यात हिरवा चमकतो. धमनी बंद, म्हणजे सगळी किडनी काळी राहायला हवी. वरचा भाग राहिला. गाठीभोवतीचा खालचा भाग मात्र बघता बघता हिरवागार! तसंच कापलं असतं तर रक्ताने जागा भरली असती, आणि कड दिसली नाही की कात्री एक तर गाठीत शिरते नाहीतर कारण नसताना खोल जाते.

बुलडॉग लगेच काढला. सीटीचे 1 मिमीचे काप पुन्हा बघितले, तेव्हा व्हेना केव्हाच्या (पोटातल्या सर्वांत मोठ्या शिरेच्या) पुढे एक ठिपका सापडला: किडनीची दुसरी धमनी. जाड कापांच्या फिल्मवर तो हरवतो. उजवीकडची ही जादा धमनी थेट महाधमनीतून निघून बरेचदा व्हेना केव्हाच्या पुढून येते. आपण शोधतो मागे. तिच्यावर दुसरा बुलडॉग लावला. किडनी आधीच उजळलेली, त्यामुळे हिरव्याचा आता उपयोग नव्हता. रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या डॉपलरचा आवाज थांबल्यावरच कात्री लावली.

गाठ काढलेल्या जागेचा तळ आणि तिथे उघडलेला, किडनीतला लघवी जमा होणारा कप्पा 3-0 काटेरी धाग्याने शिवला, बुलडॉग काढले, बाहेरचे टाके त्यानंतर. ते क्लिप सरकवून आवळतात. धागा पृष्ठभागाशी काटकोनात ओढायचा. तिरका ओढला की किडनी चिरते.

ड्रेनच्या (पोटात ठेवलेल्या निचऱ्याच्या नळीच्या) पाण्यातलं क्रिएटिनिन रक्ताइतकंच आलं, म्हणजे लघवी गळत नव्हती. घरी जाताना पेशंटला बजावलं: पुढच्या काही आठवड्यांत लघवी लाल झाली तर थांबायचं नाही, थेट इमर्जन्सीत यायचं. शिवलेल्या जागेत धमनीचा फुगा होऊ शकतो, आणि तो मांडीतून कॅथेटर घालून बंद करता येतो.