कल्व्हर्स गॅपवरचा शनिवार: अ‍ॅपलाचियन ट्रेलच्या पदयात्रींना मदत करताना

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधील कटाडिनपर्यंत १४ राज्ये ओलांडणारा, सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीचा अ‍ॅपलाचियन ट्रेल हा पायी चालण्याचा मार्ग न्यू जर्सीच्या वायव्य टोकातून जातो. मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेकडून निघालेले पदयात्री साधारणतः जून ते जुलैच्या मध्यापर्यंत येथे पोहोचतात, आणि त्याच सुमारास न्यू जर्सीतल्याच एडिसन परिसरातील आम्ही काही मराठी कुटुंबांनी त्यांच्यासाठी खाण्यापिण्याची सोय करायचे ठरवले. पहिली कल्पना अर्थातच वारीतल्या अन्नदानाची होती: मांडव, मोठी पातेली आणि जमल्यास भजने. परंतु वारकरी दिंडीत चालतो, तर या वाटेला लागलेला माणूस बहुधा काही महिने स्वतःपुरते राहण्यासाठीच घराबाहेर पडलेला असतो. म्हणून मांडव आणि भजने दोन्ही रद्द झाली, आणि ते योग्यच झाले.

जागा निवडताना आम्ही डोंगरावर चढण्याचा मोह टाळला. येथे ट्रेल ज्या किटाटिनी डोंगररांगेतून जातो, तिच्यात काळ्या अस्वलांचा वावर मोठा आहे. वाटेच्या कडेला खाण्याने भरलेला कूलर ठेवून निघून जाणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला, तरी तो अस्वलाला माणसाच्या अन्नाची चटक लावतो, आणि अशी चटक लागलेले अस्वल पुढे धीट होऊन बहुतेक वेळा गोळीला बळी पडते. न्यू जर्सीत अस्वलांना खाऊ घालणे कायद्यानेही मना आहे. शिवाय रानात दहा-पंधरा माणसे एका जागी थांबली, की पायाखालची झुडपे आणि शेवाळ तुडवले जाते. त्यामुळे ट्रेल जेथे २०६ क्रमांकाचा महामार्ग ओलांडतो, त्या कल्व्हर्स गॅपजवळच्या वाहनतळाच्या कडेला, वनखात्याच्या कार्यालयाला आधी विचारून, आम्ही एक घडीचे टेबल आणि चार खुर्च्या मांडल्या. ट्रेलची जमीन ठिकठिकाणी वेगवेगळ्या यंत्रणांच्या ताब्यात आहे, तेव्हा परवानगी कोणाकडे मागायची, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.

खाण्यात सर्वाधिक मागणी कलिंगडाला होती. पाठीवरच्या पिशवीत आठवडाभर नूडल्स आणि सुकामेवा वाहणाऱ्याला ताज्या फळाचे अप्रूप असते, आणि मीठ घातलेले गार लिंबू सरबत तर ओततानाच संपत होते. तिखटमिठाच्या पुऱ्या बर्फाविना दिवसभर टिकतात, म्हणून त्या नेल्या. शेंगदाण्याची चटणी मात्र बंद डब्यात वेगळी ठेवली आणि प्रत्येक पदार्थात काय आहे, ते ठळक अक्षरांत लिहिले, कारण शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी येथे पुष्कळांना असते. सर्वांत आधी टेबलावर मांडावा तो हात धुण्यासाठी तोटी असलेला पाण्याचा डबा आणि साबण. या वाटेवर उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथी होऊन गेल्या आहेत, आणि सॅनिटायझरने तो विषाणू नीटसा मरत नाही. वेफर्सच्या पुड्यात कोणालाही हात घालू देऊ नये. वाढणाऱ्याने चिमट्याने वाढावे.

खरी कसोटी लागते ती आपल्या आग्रहाच्या सवयीची. टेबल वाटेपासून थोडे दूर ठेवले, तर ज्याला थांबायचे नाही, तो नुसता हात हलवून पुढे जाऊ शकतो. त्याला हाक मारू नये. एक तरुण टोपी खाली ओढून सरळ निघून गेला, तेव्हा आमच्यातल्या एका काकूंनी “अहो, निदान केळं तरी न्या” म्हणत चार पावले पुढे टाकली होती. त्यांना आम्हीच थांबवले. जो बसतो, त्यालाही आधी खाऊ द्यावे, गप्पा त्याने सुरू केल्यास माराव्यात. “आज मुक्काम कुठे?” हा आपल्याकडे साधा आपुलकीचा प्रश्न आहे, पण एकट्या चालणाऱ्या स्त्रीला अनोळखी माणसाने तो विचारला, तर ती सावध होते, आणि तिने व्हावेही. विचारल्याशिवाय फोटो काढू नये, आणि कोण कुठे भेटले, हे त्याच दिवशी समाजमाध्यमांवर टाकू नये.

दारू नेऊ नये आणि देणगीची पेटी ठेवू नये. फोन चार्ज करण्याची सोय ठेवल्यास लोक दुवा देतात, आणि पदयात्रींच्या पिशवीतला कचरा मागून घेतला, तर जेवणाइतकाच आनंद होतो, कारण तो त्यांनी कित्येक किलोमीटर वाहून आणलेला असतो. न्यू जर्सीच्या राज्य उद्यानांत आपला कचरा आपणच घरी न्यायचा नियम आहे, त्यामुळे गाडीत जाड पिशव्या हव्यात. कलिंगडाच्या साली “कुजतील” म्हणून झाडीत भिरकावू नयेत. त्यांच्या वासानेही प्राणी येतात. गवतातून वावरल्यावर गोचिडींसाठी पाय तपासावेत, कारण या भागात गोचिडींच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचा उपद्रव आहे.

ज्यांना खाऊ वाटण्यापलीकडे काही करायचे असेल, त्यांनी न्यूयॉर्क-न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्सच्या स्वयंसेवकांत नाव नोंदवावे. पडलेली झाडे हटवणे, पाण्याच्या चऱ्या मोकळ्या करणे, वाट दाखवणाऱ्या पांढऱ्या खुणा पुन्हा रंगवणे, असली कामे ही मंडळी करतात, आणि त्यासाठी कोणा पदयात्रीला क्षणभरही थांबवावे लागत नाही.